सामन्यांचे सोबती कोण ठरवितो?

महाविद्यालयाच्या संघाने कोणाशी खेळावयाचे, हे मैदानावर ठरत नसते. ते महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न असेल, त्याचीच महाविद्यालये त्याची सोबती. त्यांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो आपल्या विभागातील इतर विद्यापीठांशी झुंजतो.

निजामी अमदानीत आपल्या मुलखाला विद्यापीठ एकच, १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बीदर म्हैसूर राज्यात जाऊन धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे आले. उदगीर मुंबई राज्यात गेले व १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. पुढे १९८० साली गुलबर्गा, १९९४ साली नांदेड आणि २०२३ साली खुद्द बीदर येथे विद्यापीठ झाले. दर वेळी जुने प्रतिस्पर्धी सुटले, नवे आले.

आज उदगीरचा खेळाडू पश्चिम विभागात, बीदरचा दक्षिण विभागात. गावे शेजारी, सोयरिकी एकमेकांत. पण आंतरविद्यापीठ कबड्डीत गाठ पडावयाची तर दोघांच्याही संघांनी आपापला विभाग गाजवून अखिल भारतीय फेरी गाठली पाहिजे! आम्हां कोकणी भाषकांस याचे नवल नाही. गोव्याची महाविद्यालयेही १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईशीच संलग्न होती.

तरी यात सारा तोटाच आहे, असे आम्हांस वाटत नाही. गुलबर्गा विद्यापीठाच्या संघासाठी आरंभी गुलबर्गा, बीदर, रायचूर व बळ्ळारी या चार जिल्ह्यांतील मुलांत चुरस असे. बीदर विद्यापीठाच्या संघातील जागांसाठी आता आपल्याच जिल्ह्यातील मुले झगडतात.