तेराशे चाळीस किलोमीटरचा शेजार

१९३९च्या शरद ऋतूत मॉस्कोत आलेल्या फिनलंडच्या शिष्टमंडळापुढे स्टालिनने सरळ हिशेब मांडला. लेनिनग्राड सरहद्दीपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर आहे, शहर काही हलवता येत नाही, तेव्हा सरहद्द हलवा. शिष्टमंडळाचे प्रमुख युहो पासिकिव्ही यांचं मत थोडंफार देऊन टाकावं असं होतं. हेलसिंकीला ते पटलं नाही. ३० नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा चालून आल्या.

फिनलंडने साडेतीन महिने झुंज दिली. पुढे १९४१ ते १९४४ जर्मनीच्या जोडीने तो पुन्हा लढला आणि हरला. वीपुरी शहर आणि कारेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांवर माणसं बेघर झाली, वर तीस कोटी डॉलरची युद्धभरपाई. ती मुख्यतः जहाजं, यंत्रं अशा मालात द्यायची होती. त्यासाठी कारखाने उभारावे लागले, आणि १९५२ साली देणं फिटल्यावर त्याच कारखान्यांना रशिया हे मोठं गिऱ्हाईक मिळालं. मात्र लाल सैन्याने देश कधीच व्यापला नाही. पोलंड किंवा हंगेरीच्या वाट्याला हे भाग्य आलं नव्हतं.

१९४६मध्ये पासिकिव्ही राष्ट्राध्यक्ष झाले. रशियाला आपल्याकडून हवी आहे ती लेनिनग्राडची सुरक्षितता. तेवढी हमी दिली तर बाकीचं घर आपल्याला आपल्या मर्जीने चालवता येईल, अशी त्यांची धारणा होती. म्हणून १९४७मध्ये गरज असूनही मार्शल योजनेची मदत नाकारली. ६ एप्रिल १९४८च्या मैत्री कराराचा मसुदाही चलाखीचा होता. जर्मनीने किंवा तिच्या साथीदारांनी फिनलंडवर, अथवा फिनलंडमार्गे रशियावर हल्ला केला तर फिनलंड आपल्याच भूमीवर लढेल. सोव्हिएत मदत लागलीच तर दोघांच्या संमतीने. महासत्तांच्या भांडणांतून बाहेर राहण्याची फिनलंडची इच्छाही त्यात नोंदवली होती. सात वर्षांनी, ५० वर्षांसाठी दिलेला पोर्कलाचा नाविक तळ सोडायला मॉस्को तयार झालं.

किंमत वसूल झाली ती घरात. ऑक्टोबर १९६१मध्ये मॉस्कोने लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारं पत्र पाठवलं. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन नोवोसिबिर्स्कला जाऊन ख्रुश्चेव्हना भेटले. पत्राचा विषय मिटला, आणि निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी ओलावी होन्का यांनी माघार घेतली. पत्रामागे नेमका कुणाचा फायदा होता, यावर फिनिश इतिहासकार अजून वाद घालतात. माझ्या मते केक्कोनेन यांना ते पत्र अडचणीचं मुळीच वाटलं नसावं. ते १९८२च्या आरंभापर्यंत पदावर राहिले, आणि १९७३मध्ये तर निवडणूक न घेता खास कायद्याने त्यांची मुदत वाढवली गेली. वर्तमानपत्रं स्वतःहूनच जपून लिहीत. सोल्झेनित्सिन यांच्या ‘गुलाग द्वीपसमूह’चा पहिला खंड फिनिश भाषेत निघाला तो १९७४ साली, स्वीडनमधून.

पश्चिम जर्मनीतल्या राजकारण्यांनी या स्थितीला ‘फिनलंडीकरण’ म्हणून हिणवलं. त्या शब्दात निम्मंच सत्य आहे. याच काळात फिनलंडने युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापाराचा करार केला, १९७५ची युरोपीय सुरक्षा परिषद हेलसिंकीत भरवली, आणि सक्तीची लष्करी सेवा कधीच सोडली नाही. शीतयुद्ध संपल्यावर स्वीडनने २०१०मध्ये ती काही काळ थांबवली, फिनलंडने नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर जुना करार संपला, १९९५मध्ये युरोपीय संघाचं सदस्यत्व आलं. नाटो मात्र लांबच ठेवली होती. युक्रेनवरच्या २०२२च्या हल्ल्याने तोही संकोच गेला. ४ एप्रिल २०२३ रोजी, मैत्री कराराला पंचाहत्तर वर्षं व्हायला दोन दिवस असताना, फिनलंड नाटोत दाखल झाला आणि त्या संघटनेची रशियाशी भिडलेली हद्द दुपटीहून अधिक झाली.