अधिकारपद, श्रद्धा आणि शपथ

आपल्या समाजातील अनेक बंधू-भगिनी आज सरकारी सेवेत आहेत. अभ्यासिकेत बसणारे विद्यार्थी उद्या स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारपदावर जातील. त्यांच्यापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहणार आहे. कायदा एक सांगतो आणि मनातील श्रद्धा दुसरेच सांगते, अशा वेळी खुर्चीवर बसलेल्या माणसाने काय करावे? अमेरिकेत समलिंगी विवाहाच्या निमित्ताने या प्रश्नाचा चांगलाच कस लागला. तो प्रसंग समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल दिला की, दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना परस्परांशी विवाह करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. तेथे विवाहासाठी सरकारी परवाना लागतो. केंटकी राज्यात तो परवाना काऊंटी क्लार्क हा निवडून आलेला अधिकारी देतो. रोवन काऊंटीच्या क्लार्क किम डेव्हिस या श्रद्धाळू ख्रिस्ती. समलिंगी जोडप्याच्या परवान्यावर आपले नाव येणे हे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मग सगळ्याच जोडप्यांना परवाने देणे बंद केले. चार जोडपी न्यायालयात गेली. त्यांपैकी दोन जोडपी स्त्री-पुरुषांची होती, हे ध्यानात घ्यावे. एकाच्या श्रद्धेपायी सर्वांचीच वाट अडली होती.

न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी ऑगस्टमध्ये परवाने देण्याचा हुकूम केला. सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली. तरीही डेव्हिसबाईंनी ईश्वराचा हवाला देऊन नकार कायम ठेवला. ३ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात पाठविण्यात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी परवाने देण्यास सुरुवात केली आणि ८ तारखेला त्यांची सुटका झाली. मलाही धर्मश्रद्धा आहे, परंतु मी शपथ घेतली आहे आणि यांनीही घेतली आहे, असे न्यायाधीशांनी त्यांना ऐकविले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. डेव्हिसबाईंनी आपली श्रद्धा सोडावी, असे कोणीच म्हटले नव्हते. परवाना म्हणजे आशीर्वाद नव्हे. अर्जदार कायद्याच्या अटी पूर्ण करतात, एवढेच सरकारच्या वतीने सांगणारा तो कागद. पुढे २०१६ साली केंटकीने कायदा करून परवान्याच्या नमुन्यातून क्लार्कचे नाव काढून टाकले. म्हणजे श्रद्धेलाही वाट मिळाली आणि दारात आलेला नागरिकही परत गेला नाही. २०१८ च्या निवडणुकीत डेव्हिस पराभूत झाल्या. २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्यातील दोघांना प्रत्येकी ५० हजार डॉलर्स भरपाई मंजूर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका सुनावणीस घेण्याचे नाकारले.

हा नियम एकाच बाजूला लागू पडतो काय? नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या कायद्यात नसतानाही समलिंगी जोडप्यांना परवाने देवविले. हेतू समतेचा होता. तरीही कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे सुमारे चार हजार विवाह रद्दबातल ठरविले. कायदा घटनेविरुद्ध आहे की नाही, हे अधिकाऱ्याने स्वतःच ठरवावयाचे नसते, असे न्यायालयाने सांगितले.

भारतातील स्थिती निराळी आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्या निकालात संविधानिक नीतिमत्तेचा आधार घेतलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच नीतिमत्तेविषयी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, ही भावना निसर्गतः येत नाही, ती अंगी बाणवावी लागते. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे न्यायालयाने नाकारले आणि तो विषय संसदेकडे राहिला. म्हणून आपल्याकडील विवाह निबंधकाचे मत कितीही अनुकूल असले, तरी आज त्याला असा विवाह नोंदविता येणार नाही.

हा प्रश्न परक्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पण रूढीच्या धाकाने तो कागदावरच राहिला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. हक्क मिळूनही दाराशी अडविले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आता हाच न्याय स्वतःला लावून पाहू. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. देवदेवतांची उपासना आपण करणार नाही. परंतु आपला एखादा तहसीलदार यात्रेच्या गावी असेल, तर भाविकांच्या पिण्याच्या पाण्याची आणि रस्त्याची व्यवस्था त्याने चोखच ठेवली पाहिजे. त्याने पूजा करू नये. पण भाविकाची अडवणूकही करू नये.

मग सदसद्विवेकाला काहीच मार्ग नाही काय? आहे, आणि तो बाबासाहेबांनीच दाखविला. हिंदू कोड बिल व इतर प्रश्नांवर मतभेद झाले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. खुर्चीला चिकटून राहून त्यांनी कोणाचे काम अडविले नाही. खुर्ची सोडली आणि आपले म्हणणे जनतेपुढे मांडले.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या टेबलासमोर येणारा माणूस कोणत्या जातीचा, धर्माचा किंवा कोणत्या प्रकारच्या जीवनाचा आहे, हे तुम्हाला आवडो वा न आवडो, कायद्याने त्याला जे दिले आहे ते त्याच्या हाती सन्मानाने ठेवा. श्रद्धा तुमची आहे. खुर्ची त्याचीही आहे.

जयभीम!