मोरीतील जलबंध आणि उन्हाळ्याची सुटी : जवाहरनगर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत होय. विदर्भातील इतर गावांप्रमाणे येथेही मे महिन्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा अत्यंत कोरडी असते. याच काळात महाविद्यालयांना सुटी असते. वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि अनेक निवासस्थाने बंद राहतात. सुटी संपल्यावर कुलूप उघडताच मोरीतून येणारी दुर्गंधी ही केवळ अस्वच्छतेची खूण समजली जाते. वास्तविक ती जमिनीखालील एक संरक्षक व्यवस्था निकामी झाल्याची सूचना असते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे कार्य, ती निकामी होण्याची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

जलबंधाचे स्वरूप :
मोरीच्या जाळीखाली वाडग्यासारखे किंवा वळणदार भांडे बसविलेले असते. प्लंबिंगच्या व्यवहारात त्यास 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणीघराचेच नाव त्यास मिळाले आहे. वापरलेले पाणी वाहून गेल्यानंतरही त्यात काही पाणी साचून राहते. हे साचलेले पाणी म्हणजेच जलबंध. त्याची खोली साधारणतः 50 मिलिमीटर असते. गटारातील हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू आणि झुरळे यांना घरात येण्यापासून रोखणारा अडसर एवढाच असतो. वरची जाळी कचरा अडविते, वायू नव्हे. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकूपासाठी वळणदार नळीचे पेटंट घेतले, त्यामागील तत्त्व हेच होते.

जलबंध नष्ट होण्याची कारणे :
1) बाष्पीभवन : पाण्याची पातळी रोज 2 मिलिमीटरने घटते असे गृहीत धरल्यास 50 मिलिमीटरचा जलबंध 25 दिवसांत संपतो. उन्हाळ्याची सुटी त्याहून मोठी असते.
2) केशाकर्षण : कपडे धुण्याच्या खोलीत धागे व केस ट्रॅपच्या काठावर अडकतात आणि दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी हळूहळू पलीकडे ओढून नेतात.
3) हवेच्या दाबातील बदल : वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सोडल्यास व वायुवीजन नलिका नसल्यास खालच्या ट्रॅपमधील पाणी खेचले जाते.
4) सवयीतील बदल : पूर्वी कपडे मोरीतील दगडावर धुतले जात, त्यामुळे ट्रॅपमध्ये रोज पाणी पडे. वॉशिंग मशिनचे पाणी नळीद्वारे थेट निचरा वाहिनीत सोडले आणि फरशी केवळ पुसून घेतली, तर नित्य वापरातील खोलीतही ट्रॅप कोरडा पडू शकतो.

एक बोधप्रद उदाहरण :
चौथ्या कारणाचे गांभीर्य हाँगकाँगमध्ये दिसून आले. 2003 मध्ये सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात एप्रिलच्या मध्यापर्यंत 321 रुग्ण आढळले. तपासात असे दिसले की, तेथील रहिवासी स्नानगृहाची फरशी पुसून घेत असल्याने अनेक ट्रॅप कोरडे पडले होते. स्नानगृहातील एक्झॉस्ट पंख्यांमुळे सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार त्या ट्रॅपमधून घरात ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. म्हणजेच कोरडा ट्रॅप हा केवळ दुर्गंधीचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे.

उपाययोजना :
सर्वांत टिकाऊ उपाय बांधकामाच्या वेळीच करता येतो. वॉश बेसिनचे सांडपाणी न्हाणी ट्रॅपमधून नेल्यास प्रत्येक हात धुण्याबरोबर जलबंध पुन्हा भरतो. काही इमारतींत ट्रॅप प्रायमर वापरतात. नळ उघडताच होणाऱ्या दाबातील बदलावर हे उपकरण थोडे पाणी ट्रॅपमध्ये सोडते. मात्र छतावरील टाकीतून कमी दाबाने पाणी येत असल्यास ते भरवशाचे ठरत नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याची वाहिनी व ट्रॅप यांत हवेचे अंतर राखणे अनिवार्य असते.

जुन्या इमारतींत पुढील साध्या गोष्टी पुरेशा ठरतात. सुटीत दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मोरीत अर्धी बादली पाणी ओतावे. इमारत अधिक काळ बंद राहणार असल्यास पाणी भरून त्यावर दोन चमचे खनिज तेल सोडावे. तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते. वापरातील खोल्यांत कूलरची टाकी रिकामी करताना ते पाणी मोरीत सोडावे. जाळीखालील धागे व केस नियमितपणे काढावेत. एक्झॉस्ट पंखा लावण्यापूर्वी ट्रॅपमध्ये पाणी असल्याची खात्री करावी.

निष्कर्ष :
जलबंध टिकविण्यास खर्च जवळजवळ नाही. मात्र जबाबदारी निश्चित नसल्यास तो हमखास दुर्लक्षित राहतो. म्हणून वसतिगृह व प्रयोगशाळा सुटीसाठी बंद करताना वीज व नळ बंद केल्याच्या नोंदीबरोबरच सर्व मोऱ्यांची यादी, पाणी ओतण्याच्या तारखा आणि जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव यांचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. सुटीनंतर परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे रक्षण अर्ध्या बादली पाण्याने होऊ शकते.