चित्राची शिवण

वार्षिक अंकाची छायाचित्रे पानावर बसवावयास घेतली की एक अडचण हटकून येते. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र आडवे असते आणि पानावर उरलेली जागा नेमकी उभी. अशा वेळी दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक तर कडेची माणसे कापून टाकावयाची आणि मग त्यांची बोलणी वर्षभर खावयाची; नाही तर सबंध चित्र दोन्ही बाजूंनी दाबावयाचे, म्हणजे प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळेच उसासारखे सडपातळ होतात.

तिसरा मार्ग २००७ साली पुढे आला. हर्झलिया येथील इंटरडिसिप्लिनरी सेंटर या इस्रायली शिक्षणसंस्थेतील एरियल शमीर आणि त्या वेळी मित्सुबिशी कंपनीच्या अमेरिकेतील संशोधनशाळेत असलेले शाय अविदान या दोघांनी सॅन डिएगो येथे भरलेल्या सिग्राफ परिषदेत एक निबंध सादर केला. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘सीम कार्व्हिंग’. सीम म्हणजे शिवण. सदरा ढगळ झाला की शिंपी त्याची कड कापत नाही, शिवण आत घेतो. खिसा आणि कॉलर जागच्या जागी राहतात. या पद्धतीने चित्राच्या बाबतीत जवळजवळ तेच होते, म्हणून ‘शिवण’ हा मराठी शब्द येथे मूळ शब्दापेक्षाही चपखल बसतो असे मला वाटते.

आता ही शिवण सापडते कशी ते पाहू. संगणकातील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या ओळी. चित्राची रुंदी एका ठिपक्याने कमी करावयाची तर प्रत्येक ओळीतून एक ठिपका काढला पाहिजे. कोणता काढावा? ज्याच्या जाण्याने कोणाला काही कळणार नाही तो. प्रत्येक ठिपका आपल्या शेजाऱ्यांपासून किती वेगळा आहे हे मोजले की त्याचे वजन ठरते. निरभ्र आकाशातील ठिपका शेजाऱ्यासारखाच असतो, म्हणून वजन कमी. नाकाच्या कडेचा किंवा साडीच्या काठावरचा ठिपका शेजाऱ्याहून फार वेगळा, म्हणून वजन जास्त. या वजनाला संशोधकांनी ‘ऊर्जा’ असे भारदस्त नाव दिले आहे. प्रत्यक्षात ती साधी वजाबाकी आहे.

मग प्रत्येक ओळीतील सर्वांत हलका ठिपका काढून टाकला तर? तसे चालत नाही. पहिल्या ओळीतला ठिपका डावीकडून जाईल, दुसऱ्या ओळीतला उजवीकडून, आणि ओळी एकमेकींपासून सरकून चित्राचा चिवडा होईल. बरे, सरळ उभी रेघच्या रेघ काढावी तर वाटेत एखाद्याचा कान येतो. म्हणून अट अशी घातली की वाट वरून खाली अखंड जावी, पण तिला वळण्याची मुभा असावी: एका ठिपक्यावरून खालच्या ओळीत उतरताना थेट खालचा किंवा त्याच्या लगतचा डावा-उजवा ठिपका घ्यावा, त्यापलीकडे उडी नाही. अशा सर्व वाटांमधून जिची एकूण ऊर्जा सर्वांत कमी, ती शिवण. ती काढून उजवीकडचा भाग एक ठिपका डावीकडे सरकवला की काम झाले. शंभर ठिपके कमी करावयाचे तर हे शंभर वेळा.

येथे खरी गंमत आहे. ४०० ठिपके रुंद आणि ३०० ओळी उंच अशा लहानशा चित्रातही संभाव्य वाटांची संख्या शंभराहून अधिक आकडी निघते. त्या एकेक करून तपासणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. वरून सुरुवात करून दर पायरीला सर्वांत हलका ठिपका धरावा, तर फसगत होते. पुढील तीन ओळी पाहा.

१ ४ ५ २
८ ९ ३ ६
७ ५ ४ १

लोभी माणूस वरच्या १ वर उभा राहील. त्याला खाली ८ किंवा ९ एवढेच मिळते. तो ८ घेईल, मग ५, एकूण १४. पण आरंभी २ चा थोडा जास्त खर्च सोसला असता तर पुढे ३ आणि मग १, एकूण ६ मध्येच तो खाली पोहोचला असता. यावर उपाय असा की प्रत्येक घरात ‘येथवर येण्याचा कमीत कमी खर्च’ लिहीत जावयाचे. दुसऱ्या ओळीतील घरांत ९, १०, ५, ८ असे आकडे येतात आणि तिसऱ्या ओळीत १६, १०, ९, ६. तळाशी सर्वांत लहान आकडा ६. तेथून आलो त्या वाटेने मागे वर चढले की शिवण हाती लागते. वरच्या चित्रात यासाठी फक्त १,२०,००० घरे भरावी लागतात, आणि ते यंत्राला क्षणाचे काम. ही युक्ती रिचर्ड बेलमन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० नंतरच्या दशकात रूढ केली. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अल्गोरिदमच्या वर्गाला शिवण शोधण्याचा हा प्रश्न स्वाध्याय म्हणून देतात.

उलट दिशेने चित्र रुंदही करता येते. तेथे हलक्या शिवणीच्या शेजारी तशीच दुसरी घालतात. मात्र एकच शिवण पुनःपुन्हा निवडली जाऊन तेथे ताणल्यासारखा पट्टा उमटू नये म्हणून जितक्या हव्यात तितक्या शिवणी आधीच शोधून ठेवतात. नको असलेला माणूस खुणेने दाखवून द्या, त्याची ऊर्जा शून्याखाली नेली जाते, शिवणी त्याच्यातूनच जाऊ लागतात आणि थोड्या वेळाने तो चित्रात राहत नाही. अविदान पुढे अडोबी कंपनीत गेले आणि २००८ च्या फोटोशॉपमध्ये आशयाचे भान ठेवून चित्राचे आकारमान बदलणारी सोय आली.

‘आशयाचे भान’ हे शब्द मात्र आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना अडखळवतात. आशय आणि आकृतिबंध यांवर आपण वर्गात तासन् तास चर्चा करतो. या यंत्राच्या लेखी आशय म्हणजे शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक, बस्स. गुळगुळीत गाल त्याला आकाशाइतकाच निरुपयोगी वाटतो, म्हणून चेहरे ओळखून राखण्याची वेगळी व्यवस्था जोडावी लागली. दाट गवताचे मैदान मात्र त्याला फार मोलाचे वाटते, कारण प्रत्येक पाते वेगळे. आणि रिकामी जागा म्हणजे तर केवळ अडगळ. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात हासेगावा तोहाकू या सोळाव्या शतकातील चित्रकाराचे पाइन वृक्षांचे दोन घडीचे पडदे आहेत. त्यांत थोडी झाडे आणि उरलेले सगळे धुके. हे चित्र या पद्धतीने अरुंद केले तर आधी धुके जाईल आणि झाडे एकमेकांना येऊन भिडतील. एकही झाड कमी होणार नाही, फक्त चित्र नाहीसे होईल.

छायाचित्रात तर याहून बिकट प्रश्न उभा राहतो. दोन माणसे भिंतीपुढे चार हात अंतर राखून उभी आहेत. मधली भिंत शिवणीशिवणीने निघून गेली की ती खांद्याला खांदा लावून उभी दिसतात. कोणाच्या चेहऱ्याला हात लावलेला नाही, बाहेरून काही आणलेले नाही, तरीही त्यांच्यात नसलेली जवळीक चित्रात आली. हे नुसते काल्पनिक भय नव्हे. या शोधाच्या २५ वर्षे आधी, फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर गॉर्डन गाहान यांनी घेतलेले गिझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र छापले गेले. मूळ छायाचित्र आडवे, मुखपृष्ठ उभे. आपली स्नेहसंमेलनाचीच अडचण! तेथे संगणकाच्या साह्याने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते, असे समर्थन त्या वेळी झाले. पण तो तेथे उभा नव्हता. टीका बरीच झाली आणि पुढे मासिकानेही ती चूक मान्य केली. तेव्हा हे काम जाणत्या तंत्रज्ञाला मुद्दाम बसून करावे लागले होते. आज मोजमाप सांगितले की ते आपोआप होते, आणि कोणते अंतर गेले हे करणाऱ्यालाही कळतेच असे नाही.

संशोधकांनी आपल्या पद्धतीचे दोष झाकले नाहीत हे सांगितलेच पाहिजे. सरळ खांब वाकडे होतात, नक्षी मोडते, आणि मुळातच गजबजलेल्या चित्रात काढण्याजोगी शिवण नसते, हे त्यांनाही दिसत होते. २००८ मध्ये मायकेल रुबिनस्टाईन यांच्यासह त्यांनी सुधारणा केली: गेलेल्या ठिपक्याचे वजन पाहण्याऐवजी, तो गेल्यावर जे दोन ठिपके नव्याने शेजारी येतात त्यांचे किती जुळते ते पाहावयाचे. २०१० मध्ये रुबिनस्टाईन, शमीर आणि इतर काहींनी आकार बदलण्याच्या निरनिराळ्या पद्धती लोकांसमोर ठेवून कोणते चित्र बरे वाटते ते विचारले. नुसती शिवण काढणारी मूळ पद्धत त्यात मागे पडली. अनेक युक्त्या एकत्र करणाऱ्या नव्या पद्धती पुढे गेल्या, आणि त्यांच्याच पंक्तीला माणसाने स्वतः पाहून, कडा कापून केलेले साधे चित्र जाऊन बसले.

यंदाच्या अंकातही छायाचित्रांच्या कडाच कापल्या आहेत. डाव्या टोकाच्या दोघांनी राग मानू नये.