पंचनाम्यात न बसणारे नुकसान

आष्ट्याच्या शिवारात वारणेचे पाणी शिरले की तलाठी पंचनाम्याला येतो. सातबारावर ऊस असतो, क्षेत्र मोजता येते. भरपाई तुटपुंजी मिळते, उशिरा मिळते. पण नुकसान झालेच नाही, असे कुणी म्हणत नाही. हाच पाऊस आधी कोसळतो तो वारणेच्या उगमाशी, पाथरपुंज-चांदोलीच्या रानात. तिथला हिशेब इतका सरळ नाही.

२३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर सुटला आणि घरे माणसांसकट गाडली गेली. घाटातला बेसॉल्ट झिजून उतारावर मातीचा जाड थर साचतो. पाणी त्यात मुरते, खालच्या कातळापाशी अडते. आतला दाब वाढला की मातीची पकड सुटते. झाडांची मुळे वरची माती बांधून ठेवतात, पण मुळांच्या खालचाच थर सरकला तर रानही घसरत खाली येते. प्रत्येक दरडीवर ‘झाडे लावा’ हा उतारा सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नुकसान मातीत गाडले गेले नाही, तरी ते दाखवणे अवघडच. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची झाडे झोडपली. तिथले आदिवासी कोवळी फळे वेचून अंगणात वाळवतात. ती काळी पडून सुरकुतली की बाळहिरडा तयार. औषधांसाठी व्यापारी तो विकत घेतात आणि त्या पैशांवर घराचा पावसाळा निघतो. ऊस पुन्हा लावता येतो. मोडलेल्या हिरड्याच्या जागी नवे झाड फळाला यायला कित्येक वर्षे जातात. या नुकसानीच्या भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले.

चांदोली-कोयनेच्या रानातल्या धनगरवाड्यांपुढे भरपाईच्याही आधीची अडचण आहे: जमिनीवरचा हक्कच सिद्ध करण्याची. गवळी धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास त्यांना सिद्ध करावा लागतो. गुरांमागे रानोमाळ फिरलेल्या घरात एवढा जुना कागद कुठला असणार? नियमांनुसार गावातल्या वृद्धांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा ठरतो. तो देऊ शकणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत.