संशोधकाचा प्रवासहेतू आणि व्हिसाची निवड

‘व्हिसा’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे जगाच्या व्यवहारात आला. ‘कार्ता वीसा’ म्हणजे पाहिलेला, तपासलेला कागद. ह्या प्रयोगातील विशेषण तेवढे पुढे नाम म्हणून रूढ झाले. ज्या लॅटिन धातूपासून ते सिद्ध होते त्याचा संस्कृतातील सगोत्र धातू ‘विद्’ होय. म्हणजे ‘विद्या’ आणि ‘व्हिसा’ ह्यांचे मूळ एकच ठरते. ही व्युत्पत्ती व्यवहारातही उपयोगी आहे. व्हिसा देणारा अधिकारी मुख्यतः कागद पाहत असतो, आणि त्यावरील शब्दांना त्याच्या देशाच्या कायद्याने जो अर्थ दिला आहे, तोच तो ग्राह्य धरतो.

विद्येच्या निमित्ताने परदेशी जाणारांची अडचण बहुधा येथूनच सुरू होते. आपण ‘संशोधनासाठी’ जात आहोत असे ते सांगतात, व ते खरेही असते. परंतु ‘संशोधन’, ‘अभ्यास’, ‘काम’, ‘भेट’ हे शब्द बोलण्यात जितके सैल आहेत तितके ते प्रवेशविषयक कायद्यांत नाहीत. शिवाय प्रत्येक देशाने त्यांच्या सीमा निराळ्या आखल्या आहेत. म्हणून व्हिसाचा वर्ग निवडण्यापूर्वी आपल्या हेतूचे चार प्रश्नांत पृथक्करण करून घ्यावे. तेथे प्रत्यक्ष कोणती कृती करावयाची? किती दिवस? खर्च अथवा मानधन कोण देणार? आणि यजमान संस्थेशी आपले नाते पाहुण्याचे, विद्यार्थ्याचे की नोकराचे?

उदाहरणासाठी एका संशोधक विद्यार्थिनीची कल्पना करू. फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा हा तिचा विषय आहे. त्या ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्यांच्या संस्थेत, मार्सडेन संग्रहात आहे. ती पाहून पुढे हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत व नंतर शिकागो विद्यापीठात काही काळ राहण्याचा तिचा मानस आहे. तिच्या दृष्टीने हे एकच संशोधन आहे; कायद्याच्या दृष्टीने मात्र ह्या तीन स्वतंत्र कृती आहेत.

ब्रिटनमध्ये तिचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या अभ्यासक्रमाशी निगडित संशोधनासाठी ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ ह्या वर्गात सहा महिन्यांपर्यंत राहता येते. आपल्या संस्थेकडून रजा घेऊन स्वतःचे संशोधन करणाऱ्या ज्येष्ठ अध्यापकाला ह्याच वर्गात बारा महिन्यांची मुदत मागता येते. परंतु ती आपोआप मिळत नाही, अर्ज करतानाच तसा हेतू दाखवावा लागतो. दोघांनाही तेथे नोकरी करता येत नाही, आणि तेथील संस्थेकडून पैसे घेण्यावर कडक मर्यादा आहेत. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या काही शाखांतील संशोधकांना ‘एटास’ ही पूर्वमंजुरी लागते. आपली शाखा तीत मोडते काय, हे यजमान विभागाला आधीच विचारावे.

ब्रिटिश व्हिसावर हायडेलबर्गला जाता येत नाही, कारण जर्मनी शेंगेन क्षेत्रात आहे व ब्रिटन त्याबाहेर. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांच्या मुक्कामाला परवानगी देतो. हे १८० दिवस पंचांगातील सहामाही नव्हेत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागील १८० दिवस मोजावयाचे, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस हिशेबात धरावयाचे. १ मार्च ते २९ मे असा सलग मुक्काम झाल्यास ९० दिवस पूर्ण होतात. पुन्हा प्रवेश २८ ऑगस्टपासून. मध्यंतरी पॅरिसला चार दिवसांचे चर्चासत्र निघाले तरी जाता येणार नाही, कारण हा हिशेब एका देशाचा नसून सर्व क्षेत्राचा आहे. अर्ज करावयाचा तो ज्या देशात मुख्य मुक्काम आहे त्याच्याकडे. हायडेलबर्गला चाळीस दिवस व पॅरिसला पाच दिवस राहणाराने फ्रान्सकडे लवकर तारीख मिळते म्हणून तेथे अर्ज करणे गैर आहे.

मुक्काम ९० दिवसांहून अधिक असेल तर जर्मनीचा राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ वर्गाचा व्हिसा लागतो. २०१६ च्या युरोपीय निर्देशाने विद्यार्थी व संशोधक हे दोन वर्ग वेगळे केले आहेत. संशोधक म्हणून जाणाराला यजमान संस्थेशी झालेला लेखी करार दाखवावा लागतो. अल्पमुदतीच्या व्हिसावर जाऊन तेथेच मुदत वाढवून घेऊ, ही समजूत सामान्यतः फोल ठरते.

शिकागोच्या बाबतीत खर्च कोण देतो हा प्रश्न निर्णायक होतो. अमेरिकेत चर्चासत्रासाठी, अथवा तेथील संस्थेकडून वेतन न घेता स्वतंत्रपणे करावयाच्या संशोधनासाठी ‘बी-१’ हा वर्ग आहे. विद्यापीठ विद्यावेतन देणार असेल, किंवा विनिमय-योजनेखाली तिला रीतसर दाखल करून घेणार असेल, तर ‘जे-१’. त्यासाठी संस्थेकडून ‘डीएस-२०१९’ हा नमुना यावा लागतो. पदवीसाठी नाव नोंदवणाराला बहुधा ‘एफ-१’ लागतो व त्याचा नमुना ‘आय-२०’ हा आहे. ह्या तिन्ही वर्गांना १९५२ च्या कायद्यातील कलम २१४ (बी) लागू आहे. त्यानुसार अर्जदार अमेरिकेत कायमचा राहावयास येत आहे असे आरंभी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. भारतात परतण्याची कारणे, म्हणजे नोकरी, अपुरा प्रबंध, मंजूर रजा, ही म्हणूनच कागदोपत्री दिसली पाहिजेत.

‘जे-१’ मधील पोटवर्गांकडे अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून गेलेल्याचा कार्यक्रम संपला की पुढील चोवीस महिने त्याला त्या वर्गात परत येता येत नाही, मग पहिला मुक्काम दोनच महिन्यांचा का असेना. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला हे बंधन नाही, परंतु त्याची कमाल मुदत सहा महिने असून ती वाढत नाही. ह्याखेरीज काही ‘जे-१’ धारकांना दोन वर्षे मायदेशी राहिल्यावाचून नोकरीचा ‘एच’ वर्गाचा व्हिसा वा कायम निवास मिळत नाही. ज्या कौशल्यसूचीमुळे ही अट अनेक भारतीयांना लागे, तीतून भारताचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळले गेले. तथापि सरकारी निधीवर जाणारांना ती अद्याप लागते. शिष्यवृत्तीचा आनंद रास्त आहे; पण तिचा पैसा कोणाचा, हे ती स्वीकारण्यापूर्वीच विचारावे.

एवढ्या विवेचनानंतर निमंत्रणपत्राचे महत्त्व ध्यानात येईल. यजमान प्राध्यापक सौजन्याने लिहितात की, ‘ह्या आमच्याबरोबर काम करतील.’ मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, ‘काम’ ह्या शब्दात हस्तलिखित वाचणेही येते व पगारी नोकरीही येते. विद्वानांना पहिला अर्थ सुचतो, वकिलातीला दुसरा. म्हणून पत्रात कृतीचे नाव स्पष्ट असावे: अमुक संग्रहातील अमुक हस्तलिखित पाहणे, अमुक तारखांस, स्वखर्चाने अथवा अमुक शिष्यवृत्तीवर. आपल्या विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, निमंत्रणपत्र व अर्ज ह्या तिहींत हेतू आणि तारखा तंतोतंत जुळाव्यात.

नावाचा प्रश्नही मूलतः भाषेचाच आहे. महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते, मग स्वतःचे व वडिलांचे नाव. परदेशी नमुन्यांत मात्र आडनाव आणि उरलेले नाव असे दोनच रकाने असतात. त्यात रोमन लिपीतील लेखनभेदांची भर पडते: ‘क्षीरसागर’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ ही नावे एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. अशा वेळी पासपोर्टावरील लेखन व रकान्यांची विभागणी हीच प्रमाण मानून अर्ज, निमंत्रण आणि तिकीट त्याबरहुकूम करावे. विवाहानंतर नाव बदललेले असल्यास त्याचा दाखला जोडावा.

वेळेचा हिशेबही आधीच करावा. शेंगेनचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत, परंतु किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस, व काही प्रकरणी पंचेचाळीस दिवस लागू शकतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध राहणारा पासपोर्ट आवश्यक आहे.

चुकीच्या वर्गामुळे नाकारलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा करता येतो. जाणूनबुजून केलेल्या असत्य विधानाला मात्र असा उपाय क्वचितच असतो: त्यासाठी ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. पूर्वी मिळालेला नकार लपवणे, किंवा संशोधनास जात असता सोयीसाठी ‘पर्यटन’ लिहिणे, हे ह्याच सदरात मोडण्याचा धोका आहे. शिवाय व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असे होत नाही. अंतिम निर्णय सरहद्दीवरील अधिकारी देतो, आणि तोही तेच चार प्रश्न विचारतो. तेव्हा निमंत्रणपत्राची प्रत सामानात न ठेवता हाताशी ठेवावी, व अर्जात जे लिहिले तेच तोंडी सांगावे.