डावा दंड, उजवा दंड

गेल्या वर्षी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आम्ही बापलेक आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे मापे द्यायला गेलो होतो. तयार कपड्यांच्या या दिवसांत सदरा शिवून घेणारी गिऱ्हाइके विरळाच. पण आमच्या घराण्याचा तो एक जुना हट्ट आहे. शिंप्याने चिरंजीवांच्या उजव्या दंडाभोवती फीत गुंडाळली, मग डाव्या दंडाभोवती गुंडाळली, पुन्हा उजव्याकडे वळला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, डावी बाही जरा सैल ठेवतो. अर्ध्या इंचाचा फरक आहे."

एवढ्याशा वाक्याने आमचे एकोणीस वर्षांचे चिरंजीव कानापर्यंत लाल झाले! ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात हा मुलगा पूर्ण बाह्यांचे सदरे का घालतो, याचा उलगडा मला त्या दुकानात झाला.

घरी आल्यावर हळूहळू सारी हकीकत बाहेर पडली. चार महिन्यांपूर्वी स्वारी जवळच्या व्यायामशाळेत जाऊ लागली होती. दंड भरू लागले, पण डावा पुढे गेला आणि उजवा मागे राहिला. मित्रांनी चेष्टा केली. मग याने काय करावे? रोज रात्री खोलीचे दार लावून एकट्या उजव्या हाताने वजने उचलण्याचा सपाटा लावला. परिणाम एवढाच झाला, की उजवे कोपर दुखू लागले आणि दंड होता तिथेच राहिला.

"बाबा, मी आता सोडूनच देतो," तो म्हणाला. "माझं शरीरच वाकडं आहे."

मी मराठीचा प्राध्यापक. 'दंड' म्हणजे बाहू, 'दंड' म्हणजे काठी आणि 'दंड' म्हणजे शिक्षाही, हे मला वर्गात रंगवून सांगता येते. पण मुलाचा दंड बारीक का, हे सांगता येईना. शेवटी त्याला घेऊन आमच्या कॉलेजातील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांकडे गेलो. गृहस्थ मोठे मार्मिक. त्यांनी आधी आपल्याच दोन्ही दंडांची मापे चिरंजीवांना घ्यायला लावली. त्यांतही फरक निघाला!

"दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही," ते म्हणाले. "ज्या हाताला काम जास्त, तो हात जाड. रॉड लेव्हर हा ऑस्ट्रेलियाचा डावखुरा टेनिसपटू. 1962 आणि 1969 या दोन्ही वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उजव्यापेक्षा नजरेत भरण्याइतका जाड होता. नुसते स्नायूच वाढतात असंही नाही. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाडसुद्धा दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, असं 1977 साली क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखवण्यात आलं आहे."

मग त्यांनी चूक कुठे झाली ते समजावले. बारबेल म्हणजे दोन्ही हातांनी धरायचा एकच दांडा. त्यात जोरकस हात नकळत जास्त भार ओढतो. दुबळा हात नुसता सोबतीला राहतो आणि फरक वाढत जातो. यावर उपाय डंबेलचा, कारण तिथे प्रत्येक हाताला आपापले ओझे स्वतःच उचलावे लागते. आरंभ दुबळ्या हाताने करायचा. त्याने दहा वेळा उचलले, तर जोरकस हातानेही दहाच वेळा उचलायचे. अकराव्यांदा जमत असले तरी थांबायचे. दुबळ्या हातावर रात्री-अपरात्री जादा भार टाकायचा नाही. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध सावकाश तयार होतात. कोपर दुखते ते त्यामुळे.

"आणि फीत घेऊन रोज आरशापुढे उभा राहू नकोस," ते चिरंजीवांना म्हणाले. "महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाच्या आधी, त्याच जागी माप घे. व्यायामानंतर दंड फुगलेला असतो. ते माप खोटं. पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढतो, तो मुख्यतः मज्जातंतू शहाणे झाल्यामुळे. स्नायू जाड व्हायला त्याहून अधिक काळ लागतो. आणखी एक. दंडाच्या पुढच्या बेटकुळीकडे सगळे पाहतात, पण दंडाचा मोठा भाग मागच्या स्नायूचा असतो. आपले जुने पैलवान जोर काढत, ते उगीच नाही."

एक गमतीची गोष्टही त्यांनी सांगितली. 1894 साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या हाताचाही जोर काहीसा वाढतो. एक हात प्लास्टरमध्ये असला तर दुसऱ्याला व्यायाम देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. शरीर आपल्यासारखे डावे-उजवे करीत नाही! मात्र एखादा हात आपोआप रोडावू लागला, त्याला मुंग्या येऊ लागल्या किंवा पकड सैल झाली, तर डंबेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच गेले पाहिजे, हेही त्यांनी बजावले.

निघताना त्यांनी सहज विचारले, "हा डावखुरा आहे का?"

"नाही," मी ठासून म्हणालो.

"बाटलीचं घट्ट झाकण कुठल्या हातानं उघडतोस रे?"

"डाव्या."

"आणि गोलंदाजी?"

"डाव्याच."

मी गप्प झालो. पंधरा वर्षांपूर्वीचे आमचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहिले. चार वर्षांचे हे पोर डाव्या हाताने वरणभात कालवायचे आणि माझी आई म्हणायची, "अरे, लोक काय म्हणतील!" पाटीवरची पेन्सिल दर वेळी डाव्या हातातून काढून उजव्या हातात कोण देत होते? मीच. पोर रडायचे, आणि आपण त्याला वळण लावतो आहोत असे मला वाटायचे. 'डावलणे' हा शब्द 'डावा'पासून आला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. 'सव्यसाची' म्हणून अर्जुनाचे कौतुक करतो, आणि त्यातला 'सव्य' म्हणजे डावा हात, हेही सांगतो. घरात मात्र मी एक आख्खा हात डावलला होता, आणि तो बिचारा लपूनछपून जोर धरीत राहिला होता.

रस्त्यात मी त्याला ते सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प चालत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझं वाकडं काही नाही ना?"

"तुझं नाही रे," मी म्हणालो.

आज त्याला वर्ष झाले. अर्ध्या इंचाचा फरक आता पाव इंचावर आला आहे. पाव इंच राहिला तरी हरकत नाही, असे तो स्वतःच म्हणतो आणि अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून हिंडतो.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर आईने मोदकाचे ताट हाती घेतले. चिरंजीवांचा डावा हात पुढे आला. मी खाली पाहिले. आई क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "अरे, दोन्ही हात पुढे कर. प्रसाद ओंजळीत घ्यावा."

आणि तिने त्याच्या ओंजळीत दोन मोदक ठेवले.